बॅटरी पार कोरडी पडली आहे. पाणी घालू, ॲसिड घालू की सरळ नवी आणू?

निवांत_स्वार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मोटारसायकल आठ महिने उभी होती. झाकून ठेवली होती, चाकांत हवा भरली होती, बॅटरीची तार तेवढी काढायची राहून गेली. परवा किल्ली फिरवली तर न्यूट्रलचा दिवासुद्धा लागेना. बाजूचं पॅनल उघडून बॅटरी बाहेर काढली. १२ व्होल्ट, ९ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता), पाणी घालायची, सहा बुचांची. डब्यावर पाण्याची रेषाच दिसेना. वाटलं डबा मळला असेल, म्हणून पुसून उजेडात धरला. मग बुचं काढून आत टॉर्च मारला. प्लेटांचे वरचे काठ उघडे पडलेत आणि त्यांवर पांढुरकी साय धरलीय. हलवली की तळाशी थोडं डुचमळतं. मल्टिमीटर ७.९ व्होल्ट दाखवतोय.

एक मित्र म्हणतो, "ॲसिड भर, चार्जिंगला लाव, नव्यासारखी होईल." दुसरा म्हणतो, "भंगारात टाक." बॅटरी तीन वर्षांची आहे. काय करू?

घाईगडबडे

नवी आणा. विषय संपला.

जुना_पाना

निवांत, थांबा जरा. नवी आणायला पाच मिनिटं लागतात, ते कधीही करता येईल. आधी ही बॅटरी काय सांगतेय ते ऐकून घ्या.

पहिली गोष्ट, ॲसिड घालू नका. मित्राला माझा नमस्कार सांगा आणि घालू नका. दुसरी गोष्ट, या अवस्थेत चार्जरला लावू नका. कोरड्या प्लेटांवर करंट सोडलात तर आत उष्णता होते आणि वरच्या मोकळ्या जागेत वायू साठतो. एखादी ठिणगी उडाली की डबा फुटतो. फुटलेला मी पाहिलाय, समोरच्याचा डोळा थोडक्यात वाचला.

आता मला सांगा, सहाही सेल (प्रत्येक बुचाखालचा कप्पा) सारखेच कोरडे आहेत का एखादाच जास्त? डब्याला कुठे तडा, टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी? आणि गाडी उभी करण्याआधी काही कुरबुर करत होती का?

निवांत_स्वार

सहाही साधारण सारखेच दिसतायत. तडा नाही. टर्मिनलवर पांढरी पूड आहे, विशेषतः प्लसला. कुरबुर अशी नाही, सेल्फ व्यवस्थित लागायचा. पण ॲसिड का नको हे कळलं नाही. आत ॲसिडच असतं ना? ते उडून गेलं तर तेच परत घालायला हवं, असा माझा हिशेब.

रसायनवाली

हिशेब चुकला असला तरी प्रश्न चांगला आहे, कारण ही चूक सर्रास होते.

बॅटरीत असतं ते सल्फ्युरिक ॲसिड आणि पाणी यांचं मिश्रण. वजनाने साधारण एक तृतीयांशाहून थोडं जास्त ॲसिड, बाकी पाणी. यातलं ॲसिड उडून जात नाही. पाणी दोन वाटांनी जातं. थोडं बाष्प होऊन, आणि बरंचसं जास्त चार्जिंगमुळे फुटून. सेलमागे सुमारे २.४ व्होल्टच्या वर, म्हणजे पूर्ण बॅटरीला १४.४ च्या आसपास गेलं की पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन जोरात सुरू होतं. बुडबुडे येतात ते हेच.

आता निवांत यांच्या बॅटरीतलं ॲसिड कुठे आहे? काही तळाशी डुचमळतंय, आणि मोठा भाग प्लेटांत अडकलाय. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं आणि द्रवातलं ॲसिड खर्ची पडतं. चार्ज केली की ते सल्फेट सुटून परत द्रवात येतं. म्हणजे ॲसिड घरातच आहे, भिंतींना चिकटून बसलंय. वरून नवं ओतलंत तर चार्ज झाल्यावर जुनं अधिक नवं असं दुप्पट होईल, घनता भलतीच चढेल आणि प्लेटांच्या जाळ्या कुरतडल्या जातील. महिनाभर जोमात चालते म्हणून लोकांना वाटतं इलाज लागू पडला.

ॲसिड घालायची वेळ एकच, बॅटरी आडवी होऊन ते सांडलं तर. आणि नवी कोरडी बॅटरी पहिल्यांदा भरताना, पण तो वेगळा विषय.

स्पोकतुटका

हे "घरातच आहे, भिंतींना चिकटून बसलंय" आवडलं. माझ्या बचतीचंही असंच काहीतरी असावं अशी आशा आहे.

सव्वाबारा_व्होल्ट

रसायनवालींना +१. एक भर घालतो. प्लेटा उघड्या पडलेल्या भागाचं काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर निवांत यांच्या अपेक्षा वाढतील.

बुडालेल्या भागावरचं सल्फेट ताजं असेल तर चार्जिंगने सुटतं. महिनोन्‌महिने उतरलेल्या अवस्थेत राहिलं की त्याचे मोठे टणक स्फटिक होतात, ते सहसा सुटत नाहीत. आणि जो भाग हवेत उघडा राहिला तो आणखी वाईट. ऋण प्लेटेतलं शिसं स्पंजासारखं सच्छिद्र असतं, त्याला हवा लागली की ते गंजतं. तिथे परत पाणी पोचलं तरी तो पट्टा पूर्वीसारखं काम करत नाही. म्हणजे वरचा एक चतुर्थांश उघडा असेल तर ९ एएच विसरा, सहा-साडेसहा हाती लागली तरी खूप. किकने चालवणाऱ्याला पुरते. सेल्फवाल्याला थंडीतल्या पहाटे पुरणार नाही.

प्रयत्न जरूर करा. शिकायला मिळतं आणि खर्च फक्त डिस्टिल्ड वॉटरचा.

निवांत_स्वार

डिस्टिल्डच हवं का? घरी आरओ आहे. आणि एसीच्या नळीतून टपकणारं पाणी बादलीभर मिळतं, ते तर वाफेचंच पाणी ना?

घाईगडबडे

आमच्याकडे दोन बॅटऱ्या वर्षानुवर्षं एसीच्या पाण्यावर चालल्यात. काही होत नाही.

रसायनवाली

चालल्या असतील. किती चालल्या असत्या हे मात्र आता कळणार नाही.

एसीचं पाणी तत्त्वतः वाफेचंच. पण ते धूळ बसलेल्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या जाळीवरून ओघळून, शेवाळलेल्या नळीतून येतं. तांबं आणि लोखंड यांचा अंश बॅटरीत गेला की उभ्या उभ्या ती आतल्या आत उतरत राहते. आरओमध्ये क्षार कमी होतात, शून्य होत नाहीत, आणि कित्येक यंत्रांत चवीसाठी थोडे परत मिसळलेले असतात. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड धन प्लेटेची जाळी खातं. ज्या डब्यातलं पाणी पुढे फक्त आटतच जाणार, त्यात घातलेली घाण बाहेर पडायला वाट नसते. दर वेळी थोडी भर, आणि ती साठत जाते. बॅटरीसाठीचं डिस्टिल्ड वॉटर महाग नसतं, उगाच प्रयोग नको.

जुना_पाना

बरोबर. आता कृती सांगतो, मी गाडीवाल्यांना सांगतो तशीच.

गाडीवरून काढताना आधी मायनस, मग प्लस. बसवताना उलट, आधी प्लस. कारण साधं आहे. मायनस चेसिसला जोडलेला असतो. तो जोडलेला असताना प्लस सोडायला गेलात आणि पाना चेसिसला टेकला की थेट शॉर्ट. मायनस आधी सुटलेला असेल तर पाना कुठेही टेकू दे.

डोळ्यांना चष्मा लावा, हातात रबरी मोजे घाला आणि जुने कपडे नेसा. ॲसिडचा थेंब सुती कापडावर पडला की लगेच दिसत नाही, धुतल्यावर भोक दिसतं. बायकोने विचारलं तर माझं नाव सांगू नका. जवळ पाण्याची बादली आणि खायचा सोडा ठेवा. सांडलं तर सोडा टाका, फसफस थांबेपर्यंत. टर्मिनलची पांढरी पूड सोड्याच्या पाण्याने घासून काढा, पण बुचं घट्ट लावून. सोडा आत गेला तर ज्या ॲसिडवर बॅटरी चालते तेच मरतं.

मग प्लास्टिकची नरसाळी किंवा सुई नसलेली मोठी सिरिंज घ्या. धातूची काही नको. प्रत्येक सेलमध्ये फक्त प्लेटा बुडतील इतकंच पाणी घाला. वरच्या रेषेपर्यंत भरू नका! इथेच नव्वद टक्के लोक चुकतात. चार्ज होताना द्रव फुगतो, बुडबुड्यांनी पातळी वर चढते आणि उरलेलं ॲसिड नळीवाटे बाहेर जातं. रेषेपर्यंत भरायचं ते चार्जिंग संपल्यावर.

आणि किती मिली कुठल्या सेलमध्ये गेलं ते लिहून ठेवा. का ते नंतर सांगतो.

पाणी घातल्यावर तीन-चार तास नुसती ठेवा, प्लेटांत मुरू द्या. नंतर मोकळ्या हवेत, बुचं सैल करून, चार्जिंग.

सव्वाबारा_व्होल्ट

चार्जिंगच्या करंटचा ठोकताळा, क्षमतेच्या एक दशांश. ९ एएचला ०.९ अँपिअर. पण कोरड्या पडलेल्या, सल्फेट धरलेल्या बॅटरीला निम्मा द्या, ०.४-०.५, आणि वेळ दुप्पट. कारचा मोठा चार्जर लावू नका.

एक गंमत दिसेल, घाबरू नका. सुरुवातीला व्होल्टेज एकदम चढेल, १५-१६ सुद्धा, आणि करंट जवळजवळ शून्य. वाटेल की झाली चार्ज! ती झालेली नसते, सल्फेटचा थर करंट आत घेत नसतो. तास-दोन तासांनी व्होल्टेज खाली येऊन करंट वाढू लागला तर बॅटरीत जीव आहे. तसाच अडून राहिला तर राम म्हणा. स्मार्ट चार्जर असेल तर तो इतक्या उतरलेल्या बॅटरीला बहुतेक हातच लावणार नाही, साधा हवा.

डब्याला अधूनमधून हात लावा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर बंद करा.

कोपऱ्यातला

वाचतोय. माझी बॅटरी एमएफ (मेंटेनन्स-फ्री) आहे, बुचंच नाहीत. ती कोरडी पडते का?

सव्वाबारा_व्होल्ट

पडते, दिसत नाही एवढंच. त्यात द्रव काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेला असतो आणि तयार झालेला वायू बराचसा आतल्या आत परत पाणी होतो. पण चार्जिंग सतत जास्त झालं तर झडप उघडते आणि वायू बाहेर जातो. तो गेला तो गेला. वरची पट्टी उचकटून सिरिंजने पाणी घालणारे लोक आहेत. मी एकदा केलंय. दीड महिना चालली आणि रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा डबा) खराब आहे हे त्या दीड महिन्यात कळलं, तेवढाच फायदा. तुम्ही करू नका.

निवांत_स्वार

काल रात्री पाणी घातलं. ५० मिलीच्या सिरिंजने, मोजून. प्लसकडून क्रमाने ४०, ३८, ४२, ४५, ४१, ४० मिली. एकूण २४६, म्हणजे पाव लिटर! आणि हे नुसतं प्लेटा बुडेपर्यंत. सकाळी ०.५ अँपिअरवर लावली. सव्वाबारा म्हणाले तस्संच झालं, लावल्या लावल्या १५.८ व्होल्ट आणि करंटचा काटा हलेना. मी धीर सोडला होता. दोन तासांनी बघतो तर १३.१ आणि करंट ०.४. आता रात्रभर चालू ठेवू का?

जुना_पाना

घरात माणसं झोपलेली असताना नको. दिवसा लावा, रात्री बंद करा, सकाळी परत. तिला घाई नाही, तुम्हालाही नसावी.

आता मिलीचे आकडे का मागितले ते ऐका. एकाच सेलमध्ये जास्त पाणी गेलं असतं तर म्हटलं असतं डबा झिरपतोय किंवा तो सेल आतून शॉर्ट आहे. तुमचे सहाही सेल सारखेच प्यायलेत. म्हणजे रोग सेलचा नाही, सगळ्यांवर सारखाच अन्याय झालाय. तो करणारा बॅटरीच्या बाहेर बसलाय.

आणि आठ महिने उभ्या गाडीत पाव लिटर पाणी उडत नाही हो. बुचं लावलेली असतात, बाहेर जायला एक बारीक नळी. उभ्या गाडीत बॅटरी उतरते, सल्फेट धरते, पण अशी सुकत नाही. ही आधीच सुकलेली होती, तुम्ही उघडून पाहिली आठ महिन्यांनी.

म्हणून परत विचारतो, आठवून सांगा. हेडलाइटचा बल्ब किती वेळा बदललात?

निवांत_स्वार

थांबा... दोन वेळा हेडलाइट, एकदा मागचा दिवा. एका वर्षात. मी बल्ब हलक्या प्रतीचा म्हणून दुकानदाराशी भांडून आलो होतो. आणि हो, लांबच्या रस्त्यावर कधीकधी उकडलेल्या अंड्यासारखा वास यायचा, मला वाटायचं शेतातलं काहीतरी.

जुना_पाना

दुकानदाराची माफी मागा. बल्ब वाईट नव्हते, जास्त व्होल्टेजने उडाले असणार.

स्पोकतुटका

हा धागा आता रहस्यकथा झालाय. खुनी सापडेपर्यंत जागा सोडत नाही.

रसायनवाली

वासाबद्दल. खूप जास्त चार्जिंग झालं, बॅटरी तापली की हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो. तो विषारी वायू आहे. बंद जागेत असा वास आला तर आधी जागा मोकळी करायची, बॅटरीकडे नंतर बघायचं. हायड्रोजनला वास नसतो, पण हवेत चार टक्के झाला तरी तो पेट घेऊ शकतो. त्यामुळे चार्जिंग चालू असताना चिमटे काढू नका, आधी चार्जर बंद करा. ठिणगी नेमकी चिमट्याजवळच पडते.

घाईगडबडे

कुणी एप्सम सॉल्टबद्दल बोललं नाही अजून? व्हिडिओत बघितलंय, मेलेली बॅटरी उठते. ॲस्पिरिन पण टाकतात.

रसायनवाली

ॲस्पिरिन ॲसिडमध्ये फुटलं की ॲसेटिक ॲसिड होतं, तेच व्हिनेगरमधलं, आणि ते शिसं खातं. व्होल्टेज थोडं चढलेलं दिसतं, व्हिडिओला तेवढं पुरतं. एप्सम सॉल्टने टणक सल्फेट विरघळून प्लेट नवी होत नाही. निवांत, डब्यात डिस्टिल्ड वॉटरशिवाय काहीही घालू नका.

घाईगडबडे

बरं बरं. विचारलं फक्त.

निवांत_स्वार

तीन दिवसांचा अहवाल. दिवसाला साधारण दहा तास, ०.५ अँपिअर. तिसऱ्या दिवशी सगळ्या सेलमध्ये बारीक बुडबुडे, चौथ्यात जवळजवळ नाहीत. चार्जर बंद केला, तासाभराने वरच्या रेषेपर्यंत पाणी भरलं, मग मिसळावं म्हणून अर्धा तास आणखी चार्ज केली. रात्रभर ठेवून सकाळी छोट्या हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधल्या द्रवाची घनता मोजली: १.२४०, १.२३५, १.२४०, १.१५०, १.२३५, १.२४०. व्होल्टेज १२.३८.

हे १२.३८ म्हणजे पास की नापास?

सव्वाबारा_व्होल्ट

आकडे इतके सुंदर जुळतायत की फळ्यावर लिहावेत. घनतेत ०.८४ मिळवलं की त्या सेलचं स्थिर व्होल्टेज साधारण मिळतं. म्हणजे तुमचे पाच सेल २.०८ च्या आसपास आणि चौथा १.९९. बेरीज करा, १२.३८ येते. मीटरही तेच म्हणतोय.

पूर्ण चार्ज झालेल्या चांगल्या सेलची घनता १.२६५ ते १.२८०, उतरलेल्याची १.१२० च्या आसपास. पाच सेल पूर्ण नाही पण बऱ्यापैकी वर आलेत. चौथा बसलेला आहे. नुसतं व्होल्टेज बघितलं असतंत तर म्हणाला असतात, "१२.४ आहे की, चालतंय." हायड्रोमीटरचा हाच फायदा.

पाच दिवस नुसती ठेवा, मग परत मोजा. नंतर लोडवर, म्हणजे सेल्फ मारून.

निवांत_स्वार

पाच दिवसांनंतर: पाच सेल १.२३०, चौथा १.११०. व्होल्टेज १२.३०. गाडीला जोडून सेल्फ दाबला, मीटर ७.८ पर्यंत कोसळला, रिले नुसता टकटकला. किकने मात्र दुसऱ्या लाथेला सुरू झाली. आठ महिन्यांनी तो आवाज ऐकून बरं वाटलं हे कबूल करतो.

जुना_पाना

सेल्फ मारताना चांगली बॅटरी १० च्या आसपास किंवा वर राहते. ७.८ म्हणजे चौथ्याने साथ सोडली. ही बॅटरी गेली. तुमचा प्रयत्न वाया गेला नाही, पण ती गेली.

नवी मात्र आज आणू नका! खुनी अजून मोकळा आहे. गाडी सुरू ठेवून, हेडलाइट लावून, मीटर बॅटरीच्या टर्मिनलांवर धरा. एकाने रेस धरा, चार-पाच हजार आरपीएम. १३.५ ते १४.५ मध्ये हवं. आणि चालू गाडीत बॅटरी काढून बघायचा जुना गावठी प्रयोग करू नका. बॅटरी आहे म्हणून व्होल्टेजचे झटके शोषले जातात, ती काढली की ते बल्बवर, सीडीआयवर (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेवर) जातात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तर ईसीयूवर, म्हणजे इंजिनाच्या संगणकावर.

निवांत_स्वार

आयडलला १३.६. पाच हजारला १५.४. गाडी बंद करून परत केलं, परत १५.४.

सव्वाबारा_व्होल्ट

मिळाला. पण घाई नको. सल्फेट धरलेली बॅटरी स्वतःच व्होल्टेज चढवून दाखवू शकते. कुणाची त्याच मापाची चांगली बॅटरी तासभर मिळते का बघा, तिच्यावर परत मोजा.

निवांत_स्वार

भावाच्या गाडीची लावली. १५.४. म्हणजे रेग्युलेटर गेला ना? नवा मागवू?

जुना_पाना

अजून नाही. रेग्युलेटरला किती तारा आहेत? कॉइलकडून येणाऱ्या पिवळ्या, एक लाल, एक अर्थिंगची आणि आणखी एखादी बारीक तार आहे का, जी किल्लीच्या स्विचवरून येते?

असेल तर ती त्याचा डोळा आहे. बॅटरीत किती व्होल्ट आहे ते तो त्या तारेतून बघतो. पण ती तार वाटेत किल्लीच्या स्विचमधून, दोन-तीन कपलरमधून (तारा जोडणाऱ्या प्लगमधून) येते, त्याच वाटेने दिव्यांचा आणि हॉर्नचा करंटही जातो. एखादा पिन गंजला की तिथे एक-सव्वा व्होल्ट हरवतो. रेग्युलेटरला वाटतं बॅटरी कमी आहे, तो बिचारा आणखी ढकलत राहतो. तो शहाणाच असतो, त्याला खोटं दाखवलं जातं.

मीटरची लाल सुई बॅटरीच्या प्लसला, काळी त्या बारीक तारेला मागच्या बाजूने टोचून. गाडी चालू, दिवे लावलेले. किती येतात?

निवांत_स्वार

१.२ व्होल्ट!!!

आहे ती तार, तपकिरी. हेडलाइटच्या मागे किल्लीच्या स्विचचा पांढरा कपलर आहे, तो उघडला तर एक पिन हिरवा पडलेला आणि प्लास्टिक त्याच्याभोवती वितळून पिवळं झालेलं. बारीक सॅंडपेपरने घासला, मादीची पिन पकडीने जरा आवळली. आता तिथे ०.१५ उरलंय. पाच हजारला १४.३.

स्पोकतुटका

हिरवी पिन! शेवटच्या पानापर्यंत कुणालाच संशय आला नव्हता.

सव्वाबारा_व्होल्ट

तो कपलर वितळलाय ना, तो बदलून टाका. घासलेल्या पिनवरचा मुलामा गेलेला असतो, वर्षभरात परत हिरवी होईल.

जुना_पाना

आता आणा नवी. कोरडी मिळाली आणि ॲसिडची बाटली वेगळी असेल तर ते ॲसिड घालायचं, पूर्ण, वरच्या रेषेपर्यंत. तासभर ठेवा, पातळी थोडी उतरते, त्याच बाटलीतलं उरलेलं भरा. त्यानंतर आयुष्यभर फक्त पाणी. लगेच गाडीत लावून सेल्फ मारू नका, आधी ०.९ वर सावकाश पूर्ण चार्ज करा. पहिलं चार्जिंग अर्धवट राहिलेली बॅटरी पुढे पूर्ण क्षमता सहसा देत नाही.

आणि हवेच्या नळीच्या तोंडाला लाल टोपी असते, ती काढा. लोक विसरतात आणि मग डबा फुगला म्हणून येतात. नळी चेनपासून, सायलेन्सरपासून दूर खाली सोडा, कुठे चिमटली नाही ना बघा.

जुनीतलं ॲसिड मोरीत ओतू नका. आहे तशी, बुचं लावून, उभी धरून, नवी घ्याल त्याच दुकानात परत द्या. आतलं शिसं वितळवून परत बॅटरीत जातं.

कोपऱ्यातला

मी आज मीटर आणला. माझ्या एमएफवर पाच हजारला १४.१. खून झालेला नाही, पण वाचून झोप लागेना म्हणून मोजलं.

रसायनवाली

पातळी किती दिवसांनी बघायची हे कुणी लिहिलं नाही. महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. बुचं काढायची गरज नाही, पांढऱ्या डब्यातून मागे टॉर्च धरला की रेषा दिसते. खालच्या रेषेच्या खाली जाऊ द्यायचं नाही. आणि गाडी उभी करायची असेल तर मायनस सोडून ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा. गरम जागेत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा असेल तेवढ्या थंड कोपऱ्यात.

निवांत_स्वार

धागा वर काढतोय.

नवी बॅटरी बसवून अडीच महिने झाले. कपलर बदलला. लाल टोपी काढली (विसरणार होतो, पाना काकांचा आवाज कानात आला). बल्बच्या दुकानात जाऊन आलो, माफी मागितली नाही पण एक इंडिकेटरचा बल्ब गरज नसताना विकत घेतला.

आज १,१०० किलोमीटरनंतर टॉर्च मारला. सहाही सेल वरच्या रेषेपासून केसभर खाली, सारखेच. चौथ्याकडे उगाच दोनदा पाहिलं.